डॉर्टमुंडचे ख्रिस्तमंदिर आणि युरोपचा चषक

कोलोन शहरातील उत्तुंग कॅथेड्रल आणि तेथील तीन राजांच्या अवशेषांची सुवर्णपेटी पाहून झाली की जर्मनीला गेलेला कॅथोलिक प्रवासी बहुधा दक्षिणेची वाट धरतो. ईशान्येकडे जाणाऱ्या आगगाडीत सव्वा तास बसून डॉर्टमुंडला उतरावे असे त्याच्या मनात येत नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. डॉर्टमुंड हे रूर मुलखातील कोळशाचे, पोलादाचे आणि बिअरचे शहर. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात त्याचा जुना भाग जवळजवळ नष्ट झाला. पुढे जे उभे राहिले ते घाईने आणि गरजेपुरते. डोळ्यांना सुखावील असे तेथे थोडे. तरीही या शहराच्या उत्तर अंगाला एक चौक आणि त्याच्याजवळ एक ख्रिस्तमंदिर आहे. आमच्या वाचकांनी त्यांची गोष्ट ऐकावी, कारण ती एका धर्मग्रामातील भांडणाची गोष्ट आहे, आणि त्या भांडणाचे पडसाद पुढे ग्लासगो, म्युनिक आणि लंडनपर्यंत ऐकू गेले.

चौकाचे नाव बोर्सिगप्लाट्झ. वर्तुळाकार जागा, मध्ये झाडी, सहा बाजूंनी येऊन मिळणारे सहा रस्ते, आणि ट्रामचे रूळ. पूर्वी येथून हाकेच्या अंतरावर होएश कंपनीचा पोलादाचा कारखाना धडधडत असे. १८७१ साली निघालेल्या या कारखान्याला माणसे हवी होती. ती वेस्टफालियाच्या खेड्यांतून आली, पूर्वेकडील पोलिश मुलखातून आली. त्यांतील पुष्कळ जण कॅथोलिक होते, आणि ज्या शहरात ती आली ते प्रॉटेस्टंट वळणाचे होते. परगावी पोट भरायला गेलेला माणूस पहिल्या रविवारी काय शोधतो हे आपल्या लोकांना सांगावयास नको. त्या कामगारांसाठी येथे पवित्र त्रैक्याच्या नावाचा धर्मग्राम स्थापन झाला. मिस्सा, मुलांची धर्मशिक्षणाची शिकवणी, आणि तरुणांसाठी सोदालिटी, असा त्याचा संसार.

या सोदालिटीतील मुले फुटबॉल खेळू लागली. इंग्लंडहून आलेला हा खेळ त्या काळी जर्मनीत अनेकांना असभ्य वाटे. शिस्तबद्ध कवायत हाच शरीराचा खरा व्यायाम, चेंडूला लाथा मारणे हा रानटीपणा, असे शाळामास्तर सांगत. सोदालिटीची जबाबदारी साहाय्यक धर्मगुरू फादर हूबर्ट डेवाल्ड यांच्याकडे होती, आणि त्यांचेही मत असेच होते. त्यात मुले खेळत ती रविवारी. सहा दिवस भट्टीपाशी आणि लेथपाशी राबणाऱ्यांना दुसरा वार कोठला? रविवार दुपारची उपासना आणि रविवार दुपारचा सामना यांची टक्कर होणे अटळ होते. फादरांनी खेळाला विरोध केला. मुले ऐकेनात.

१९०९ सालच्या डिसेंबरची १९ तारीख. आगमनकाळाचा चौथा रविवार. ओस्टरहोल्झ रस्त्यावरील ‘त्सुम विल्डश्युट्झ’ नावाच्या पानगृहाच्या माडीवर सोदालिटीचे काही तरुण जमले. स्वतःचा, धर्मग्रामाच्या अधिकाराबाहेरचा संघ काढावा की नाही, हा विषय. बातमी फादर डेवाल्ड यांच्या कानी गेली आणि ते स्वतः तेथे आले. त्यांना आत शिरू दिले गेले नाही. दारात ढकलाढकल झाली असे सांगतात. नाताळला सहा दिवस उरले असता आपल्याच सोदालिटीच्या मुलांनी आपल्या धर्मगुरूला जिन्यावरून परत पाठवावे, हे काही भूषणाचे नव्हे. जमलेल्यांपैकी पुष्कळ जण मन कचरून निघून गेले. उरले ते अठरा. त्यांत एकवीस वर्षांचा फ्रान्झ याकोबी हा म्होरक्या होता. त्या अठरांनी काढलेला संघ म्हणजेच बोरुसिया डॉर्टमुंड.

बोरुसिया हे प्रशियाचे लॅटिन नाव. पण या पोरांनी ते लॅटिनच्या प्रेमाने घेतले नाही. जवळच्या एका बिअरच्या कारखान्याचे तेच नाव होते आणि त्याची पाटी समोर टांगलेली होती, असे सांगतात. जपमाळेच्या सभेतून उठून गेलेल्या मुलांनी आपल्या संघाला मद्याच्या पाटीवरील नाव द्यावे! फादर डेवाल्ड यांना त्या रात्री झोप लागली नसेल तर नवल नाही.

येथे क्षणभर थांबून मला त्या धर्मगुरूची बाजू मांडावीशी वाटते, कारण संघाच्या स्तुतिपर पुस्तकांतून त्यांना खलपुरुषाची भूमिका मिळाली आहे. कामगारवस्तीतील तरुण मुले, खिशात आठवड्याची मजुरी आणि सभेची जागा पानगृहाची माडी. ज्याच्यावर त्यांच्या आत्म्यांची जबाबदारी आहे त्याने काळजी करू नये काय? त्यांची चूक वेगळी होती. मुलांच्या हाती चेंडू पाहून त्यांना मुले हातची गेल्यासारखी वाटली. आपल्या गोव्यात याच्या उलट घडले. फादर विल्यम लायन्स नावाचे आयरिश धर्मगुरू १८८३ साली प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीस येऊन राहिले आणि तेथील मुलांना हा खेळ त्यांनीच शिकवला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. म्हणून आपल्याकडे चर्चचे अंगण आणि फुटबॉलचे मैदान एकमेकांना चिकटून राहिले. डॉर्टमुंडला त्यांच्यामध्ये एक बंद दार आले.

या मुलांचे पहिले मैदान बोर्सिगप्लाट्झच्या पूर्वेस होते. त्याला ‘पांढरे कुरण’ म्हणत. प्रारंभी निळे-पांढरे कपडे आणि त्यांवर तांबडा पट्टा असा त्यांचा वेष होता. १९१३ पासून पिवळा आणि काळा हे रंग आले ते कायमचे. १९३७ साली नात्सी राजवटीत ते कुरण संघाकडून गेले, कारण तेथे होएश कारखान्याचे उद्यान आणि तरणतलाव व्हावयाचे होते. संघाला शहराच्या दक्षिणेस, ‘रोटे एर्डे’ म्हणजे तांबडी माती या नावाच्या मैदानावर जावे लागले. चौकातून ट्रामने निघून मध्यवस्ती ओलांडली की आपणही तेथे पोहोचतो.

रोटे एर्डे १९२६ साली खुले झाले. आज त्याच्या शेजारी राक्षसी आकाराचे नवे क्रीडांगण उभे असल्याने ते एखाद्या शाळेच्या मैदानासारखे भासते. पण प्रवाशाने आधी येथे यावे. या संघाच्या मैदानाची राखण करणारा हाइनरिश चेर्कुस नावाचा एक साधा माणूस होता. तो साम्यवादी होता. त्याचा आणि आपला विश्वास एक नव्हे. पण नात्सींविरुद्धची पत्रके तो लपूनछपून पसरवी. १९४५ च्या मार्च-एप्रिलमध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असता, गेस्टापोने डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडील रोम्बर्ग उद्यानात आणि बिटरमार्कच्या रानात सुमारे तीनशे कैद्यांना गोळ्या घालून पुरले. त्यांत चेर्कुसही होता. डॉर्टमुंडचे लोक या हत्यांना शुभ शुक्रवारच्या हत्या म्हणतात, आणि दरवर्षी शुभ शुक्रवारी बिटरमार्कच्या स्मारकापाशी जमतात. या संघाच्या चाहत्यांनी चेर्कुसच्या स्मरणार्थ त्याच दिवशी रोटे एर्डेपासून त्या स्मारकापर्यंत धावत जाण्याची प्रथा पाडली आहे.

याच मैदानावर हा संघ प्रथम जर्मनीबाहेरच्या जगाला भेटला. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे तो जर्मनीचा विजेता ठरला, आणि नुकत्याच सुरू झालेल्या युरोपीय चषकात त्याला प्रवेश मिळाला. लक्झेंबर्गच्या स्पोरा संघाला हरवल्यावर गाठ पडली ती मँचेस्टर युनायटेडशी. मँचेस्टरला २ विरुद्ध ३ असा पराभव झाला. नोव्हेंबरच्या थंडीत रोटे एर्डेवर कोणालाच गोल करता आला नाही, आणि तेथेच प्रवास संपला. मॅट बस्बी या कॅथोलिक प्रशिक्षकाच्या हाताखालची ती तरुण पोरे डॉर्टमुंडच्या लोकांनी डोळे भरून पाहिली. पंधरा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९५८ रोजी, म्युनिकच्या विमानतळावरील अपघातात त्या संघाचे आठ खेळाडू मरण पावले.

१९६३ च्या डिसेंबरात लिस्बनचा बेन्फिका संघ येथे आला. १९६१ आणि १९६२ चा युरोपीय चषक जिंकणारा हा संघ. गोव्यातील जुन्या घरांतून त्याचे नाव अद्याप आपुलकीने निघते. लिस्बनमध्ये तो २-१ ने जिंकला होता. डॉर्टमुंडला त्याचा ५-० असा धुव्वा उडाला. एकट्या ब्रुंग्सने तीन गोल केले. पुढे उपांत्य फेरीत मिलानच्या इंटर संघापुढे डॉर्टमुंड थांबला, पण आपण युरोपात कोणाशीही खेळू शकतो हे त्या रात्री कामगारांना कळले.

आणि मग १९६६. आदल्या वर्षी जर्मन चषक जिंकल्यामुळे डॉर्टमुंडला चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत स्थान होते. संत पौलाचे जहाज जेथे फुटले त्या माल्टा बेटावरील फ्लोरियाना संघाशी पहिली झुंज झाली. झुंज कसली, माल्टाच्या आपल्या धर्मबंधूंनी दोन सामन्यांत मिळून तेरा गोल स्वीकारले. मग सोफियाचा संघ, मग माद्रिदचा अॅटलेटिको, आणि उपांत्य फेरीत गतविजेता वेस्ट हॅम. लोटार एमेरिश या डावखुऱ्या खेळाडूने त्या एका मोसमात या स्पर्धेत १४ गोल केले.

अंतिम सामना ५ मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर होता. समोर लिव्हरपूल, नुकताच इंग्लंडचा विजेता झालेला. संध्याकाळ पावसाची. इंग्लिश संघच जिंकणार याबद्दल जाणकारांत दुमत नव्हते. मध्यंतरानंतर हेल्डने डॉर्टमुंडला आघाडी मिळवून दिली. काही मिनिटांतच हंटने बरोबरी केली. चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता अशी जर्मन खेळाडूंनी पंचांकडे तक्रार केली, ती फुकट गेली. खेळ जादा वेळेत गेला. जादा वेळेच्या दुसऱ्या भागात हेल्ड एकटाच पुढे घुसला, गोलरक्षक लॉरेन्स धावत बाहेर आला आणि त्याने चेंडू अडवला. अडवलेला चेंडू उजव्या बाजूला, गोलपासून बऱ्याच दूर, राइनहार्ट लिबुडाकडे गेला. लिबुडाने विचार न करता तो उंच उचलून मारला. चेंडू कमान घेत गेला, गोलखांबावर आदळला आणि परत धावत आलेल्या येट्सच्या अंगाला लागून जाळ्यात पडला. २-१. युरोपातील स्पर्धा जिंकणारा पहिला जर्मन संघ म्युनिकचा नव्हे, हॅम्बर्गचा नव्हे. पांढऱ्या कुरणावरून हाकललेल्या त्या पोरांचा.

या लिबुडाविषयी एक दंतकथा रूर मुलखात अजून सांगतात. प्रतिस्पर्ध्याला चकवून पुढे जाण्यात त्याचा हातखंडा होता. परमेश्वराला टाळून कोणालाही पुढे जाता येत नाही, अशा अर्थाची एक धर्मप्रवचनाची जाहिरात गावात लागली होती म्हणे. तिच्याखाली कोणा वात्रटाने ‘लिबुडा सोडून’ असे लिहून ठेवले. फादर डेवाल्ड यांना हे मुळीच आवडले नसते. लिबुडा स्वतः लाजाळू आणि अबोल होता. त्याचे उत्तरायुष्य एकाकी गेले आणि १९९६ साली तो वारला. फ्रान्झ याकोबी मात्र ग्लासगोच्या विजयाच्या वेळी हयात होते. १९०९ सालचा तो बंडखोर १९७९ साली, नव्वदी गाठून, देवाघरी गेला.

पुढील वीस-पंचवीस वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९७२ साली संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. १९७४ च्या विश्वचषकासाठी रोटे एर्डेच्या शेजारी वेस्टफालेन स्टेडियम उभे राहिले तेव्हा तो दुसऱ्याच श्रेणीत होता. आज हे जर्मनीतील सर्वांत मोठे फुटबॉल क्रीडांगण आहे; ८१ हजारांहून अधिक माणसे मावतात, आणि त्यांपैकी सुमारे २५ हजार एकट्या दक्षिण बाजूच्या उतारावर उभी राहतात. पिवळ्या कपड्यांतील त्या गर्दीला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. रिकाम्या वेळी तेथे उभे राहिले तरी तो चढ पाहून छाती दडपते.

१९९३ साली यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत तुरीनच्या युव्हेंटस संघाने डॉर्टमुंडला दोन सामन्यांत मिळून ६-१ असे लोळवले. चार वर्षांनी, २८ मे १९९७ रोजी, युरोपीय विजेत्यांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच युव्हेंटस समोर आले. ते गतविजेते होते. डॉर्टमुंडच्या बाजूने त्या रात्री उतरलेल्या खेळाडूंपैकी कोहलर, रॉयटर, म्योलर आणि पाउलो सोझा हे चौघे पूर्वी त्याच तुरीनच्या संघात खेळलेले. म्युनिकच्या त्या मैदानावर रीडलेने पूर्वार्धात दोन गोल केले. देल पिएरोने एक फेडला. प्रशिक्षक हिट्झफेल्ड यांनी लार्स रिकन या डॉर्टमुंडमध्येच जन्मलेल्या वीस वर्षांच्या पोराला आत पाठवले. मैदानात येऊन सोळा सेकंद झाली नाहीत तोच पायाला लागलेला पहिलाच चेंडू त्याने दुरून, पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. ३-१. त्याच वर्षअखेर टोकियोत ब्राझीलच्या क्रुझेरो संघाला हरवून डॉर्टमुंडने आंतरखंडीय चषकही नेला.

यानंतर पैशाचे प्रकरण सुरू होते. २००० साली हा संघ शेअर बाजारात उतरला. जर्मनीत असे करणारा तो पहिला. हाती आलेला पैसा मोठ्या खेळाडूंवर उधळला गेला. २००२ साली यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात रॉटरडॅमच्या फेयेनोर्डकडून, त्याच्याच घरच्या मैदानावर, ३-२ अशी हार झाली, आणि २००५ च्या मार्चमध्ये संघ दिवाळखोरीच्या कड्यावर उभा होता. देणेकऱ्यांनी मुदत दिली म्हणून तो वाचला. त्याआधी म्युनिकच्या बायर्न संघानेही वीस लाख युरो उसने दिले होते. पैसे फिटले. आणि २५ मे २०१३ रोजी लंडनच्या वेम्बलीवर, युरोपच्या अंतिम सामन्यात, त्याच बायर्नच्या रॉबेनने ८९ व्या मिनिटाला गोल करून डॉर्टमुंडच्या तोंडचा चषक काढून घेतला. उपांत्य फेरीत बलाढ्य रेआल माद्रिदला लेवांडोव्स्कीच्या चार गोलांनी ४-१ हरवून संघ तेथवर आला होता. असो, ज्याने अडचणीत हात दिला त्याच्याकडून हरणे त्यातल्या त्यात सुसह्य.

शेअर बाजाराची खरी किंमत २०१७ साली कळली. ११ एप्रिल, पवित्र आठवड्यातील मंगळवार. मोनॅकोच्या संघाशी युरोपीय स्पर्धेचा सामना खेळण्यासाठी खेळाडूंची बस हॉटेलातून निघाली तोच कुंपणात लपवलेले तीन स्फोट झाले. मार्क बार्त्रा या स्पॅनिश खेळाडूच्या हाताला जबर इजा झाली; एका पोलिसालाही त्रास झाला. प्रथम सर्वांचा संशय धर्मांध अतिरेक्यांवर गेला. पुढे उघड झाले ते अधिक लाजिरवाणे होते. एका माणसाने कर्ज काढून, संघाच्या शेअरचा भाव कोसळला तर आपल्याला नफा व्हावा, असा सट्टा लावला होता. भाव पाडण्यासाठी तो खेळाडूंना मारावयास निघाला. न्यायालयाने २०१८ साली त्याला चौदा वर्षांची शिक्षा दिली. सामना दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, उरकण्यात आला. खेळाडूंची मने ठिकाणावर नव्हती, प्रशिक्षक टुखेल यांनी उघड नाराजी दाखवली, आणि डॉर्टमुंड २-३ असा हरला. यूदाने तीस नाण्यांचा सौदा केला त्याचे स्मरण पवित्र सभा याच बुधवारी करते. वेळापत्रक बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी हे नसेलच.

पण त्या मंगळवारच्या रात्री आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला. सामना पुढे गेल्याने मोनॅकोहून आलेले पाहुणे समर्थक परक्या शहरात अडकले. राहण्याची सोय नाही, रात्र झालेली, रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या. डॉर्टमुंडच्या लोकांनी एकमेकांना निरोप पाठवले, आणि ज्याच्या घरी एक खाट, एक सोफा, जमिनीवर एक गादी होती त्याने प्रतिस्पर्धी संघाच्या माणसाला घरी नेले. त्यांना जेवू घातले, सकाळी न्याहारी दिली. पिवळ्या-काळ्या कपड्यांतले यजमान आणि तांबड्या-पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे एकाच टेबलाशी बसलेली छायाचित्रे दुसऱ्या दिवशी साऱ्या युरोपने पाहिली. स्टेडियममध्ये मोनॅकोच्या लोकांनी आदल्या संध्याकाळीच, स्फोटाची वार्ता कळताच, ‘डॉर्टमुंड, डॉर्टमुंड’ असा गजर केला होता. या यजमानांत किती जण रविवारी मिस्साला जातात हे कोणी मोजले नाही. आगंतुकाला घरात घ्यावे हे प्रभूने कोणत्या अध्यायात सांगितले तेही त्यांतील पुष्कळांना आठवत नसेल.

बोर्सिगप्लाट्झवरचे पवित्र त्रैक्याचे मंदिर आज संघाचे ‘संस्थापकांचे मंदिर’ म्हणून ओळखले जाते. ज्या धर्मग्रामाने खेळाला दार लावले त्याच्याच दारी आता पिवळी उपरणी गळ्यात घातलेले लोक येतात. वस्ती बदलली आहे. डॉर्टमुंडमधील पोलादाची शेवटची भट्टी २००१ साली थंड झाली. आजूबाजूच्या घरांवर तुर्की, अरबी आणि पूर्व युरोपातील नावे दिसतात. कामासाठी आलेली पहिली पिढी जशी परकी होती तशीच हीही.

संघ काही जिंकून आला की खेळाडूंची मिरवणूक या चौकाला फेरी घालते, अशी रीत पडून गेली आहे. १ जून २०२४ रोजी त्याला तिसऱ्यांदा युरोपच्या सर्वोच्च अंतिम सामन्यात संधी मिळाली. पुन्हा वेम्बली, आणि समोर रेआल माद्रिद. पूर्वार्धात डॉर्टमुंडने एकामागून एक संधी निर्माण केल्या. फ्युलक्रुगचा एक फटका खांबाला लागून परतला. ग्लासगोला असाच खांबाला लागलेला चेंडू आत गेला होता. उत्तरार्धात कार्वाहाल आणि व्हिनिसियस यांनी दोन गोल केले. डॉर्टमुंडमध्ये जन्मलेला मार्को रॉयस त्या संघाकडून शेवटचाच खेळत होता. २०१३ च्या पराभवातही तो मैदानात होता. सामना संपल्यावर तो पिवळ्या समर्थकांच्या बाजूला चालत गेला आणि बराच वेळ त्यांच्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बोर्सिगप्लाट्झला मिरवणूक आली नाही. ट्राम वेळेवर धावत होत्या.